दाबपेटीतला धप्प

कन्नमवार नगर, विक्रोळी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सुशांतदादा,

महादूकाकांचं ऑपरेशन ठरलं. गुरुवार, सहा मार्च. आज सकाळी रुचिका येऊन सांगून गेली. काल डॉक्टरांनी तिच्या देखत फाइलवर तारीख घातली, म्हणजे आता यात बदल नाही. गाठ पसरली आहे, स्वरयंत्र पूर्ण काढणार. काका वाचतील असं डॉक्टर म्हणतात. आवाज मात्र उरणार नाही.

हे फोनवर सांगितलं असतं. पण तुझा फोन एकदा वाजून कट होतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजपुढे जूनपासून एकच टिक आहे. केस पांढरे झालेल्या माणसाने सख्ख्या बहिणीला ब्लॉक करावं, याला काय म्हणायचं तू सांग. आईला म्हटलं, तू बोलतेस ना त्याच्याशी, तूच कळव. ती म्हणाली, "काकांचं सांगीन. बाकी तुमच्या पेटीबिटीचं मी सांगणार नाय. मी काय पोस्टमन नाय तुमची." म्हणून खरा पोस्टमन गाठला. डबिंगच्या कामात रोज पानंच्या पानं संवाद ऐकते, पण पत्र लिहायला बसले तर 'सुशांतदादा'च्या पुढे काय लिहायचं ते सुचेना.

तर पेटीबिटीचं. काकांना गाऊन ठेवायचंय. गण, दोन गौळणी आणि शेवटी तो लांबलचक सवाल, ज्याला गुहागरच्या तुरेवाल्यांनी कधी धड उत्तर दिलं नाही. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत शक्तीवाल्यांचा शाहीर म्हणून आयुष्यभर नाचवलं लोकांना, पण त्यांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग एकदाच झालं, अंधेरीच्या स्टुडिओतल्या त्या खोलीत, बाबा तिथे टेक्निशियन असताना, बाबांच्या पेटीतून. त्या टेपला बुरशी लागून ती गेली. मी म्हटलं, काका, माझ्या ऑफिसात चला, उद्या करू. तर म्हणाले, "तुज्या हाफिसात नाय. कासीरामाच्या पेटीतनं गाईन. नायतर नको."

रुचिका बिचारी विचारत होती, त्या पेटीत एवढं काय आहे? तिला समजावलं, की तुझे आजोबा कुजबुजल्यासारखं सुरू करतात आणि पुढच्या ओळीला अख्खी वाडी उठेल असा सूर लावतात. हळू आवाज पकडायला जावं तर मोठा फाटतो, मोठा सांभाळावा तर हळू ऐकू येत नाही. ही पेटी हळू आवाजाला हात लावत नाही, चढलेला तेवढा अलगद खाली धरते. मी त्याला कॉम्प्रेसर म्हणते, आमच्या घरात दाबपेटी म्हणतात. ती म्हणाली, "पण हे कॉम्प्युटरवर होत नाही का?" होतं गं. तेच तर आजोबांना सांग.

बाबा गेल्यावर आपण दोघांनी परत जुळवायला घेतलेली पेटी तू टाकून गेलास तशीच आहे. खोटं कशाला बोलू, तशी नाही. तू अर्धवट सोडलेलं वायरिंग मी पुरं केलं. बाबांनी कबाडातून वाचवून आणलेला पत्र्याचा सांगाडा तोच, ट्रान्सफॉर्मर तेच, मांडणी तू म्हणालास तशी बाबांचीच. तयार सर्किट बोर्ड मागवला नाही. मी नुसतं विचारलं होतं, मागवूया का. त्यावर "तुम्हा इंग्लिशवाल्यांना सगळं तयार लागतं" असं म्हणून गरम सोल्डरिंग आयर्न पिशवीत घालून निघायची काही गरज नव्हती. पिशवीला भोक पडलं असेल, चांगलं झालं.

आणि तो फोटो. पेटी पहिल्यांदा पेटली तेव्हा मी फेसबुकवर टाकला होता. आई म्हणते, खाली तुझं नाव घालायला हवं होतं. मी म्हणते, फोटोखाली जागा किती असते.

पेटी चालते, दादा. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह पेटतात, आवाज आत जातो, बाहेर येतो. फक्त आवाज मोठा झाला, की धप्प होतं. कोणीतरी आतून पत्र्यावर बुक्की मारावी तसं. आणि आवाज काही दबत नाही.

पंचवीस दिवस आहेत. वाटलं तर कळव.

अपूर्वा


कन्नमवार नगर
शनिवार, १५ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे.

तू एक्स-रे मशीन दुरुस्त करतोस, तुला हॉस्पिटलवाल्यांचे फोन येत असतील, आम्ही कोण. तरी लिहिते, कारण या घरात दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. आईला सांगितलं, व्हॉल्व्ह जुळत नाहीत. ती म्हणाली, "मग पत्रिका बघायची होतीस."

पहिल्यांदा पेटीत नुसता घुं आवाज यायचा, फ्रीजच्या मागे कान लावल्यासारखा. तो मी घालवला. अर्थिंग चार ठिकाणी पत्र्याला टेकलं होतं, ते सगळं एका जागी आणलं. त्यापैकी दोन ठिकाणी तू टेकवलं होतंस, हे जाता जाता.

धप्प जात नाही. पुस्तकांत बघ, नेटवर बघ, सगळीकडे एकच लिहिलंय: दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात, एक सारखा नसला की धप्प होतं. म्हणून लॅमिंग्टन रोडला श्यामसुंदरशेठकडे गेले. ते अजून त्याच पोटमाळ्याखाली बसतात. म्हणाले, "काशीरामची मुलगी ना तू? भाऊ कुठाय?" म्हटलं, बोरिवलीला. म्हणाले, "बोरिवली म्हणजे काय अमेरिका झाली?" मग रशियन व्हॉल्व्हचं खोकं पुढे केलं आणि म्हणाले, "शोध तुझी जोडी. लग्न लावून दे." आईला आणि त्यांना कोणी एकत्र बसवू नये.

दिवसभर एकेक व्हॉल्व्ह लावून मोजला. जी जोडी मिळाली ती इतकी सारखी आहे, की मीटरला फरक कळत नाही. घरी आणली, लावली, तापू दिली. गणपतीत काकांच्या मंडळाच्या नुसत्या मृदुंगांचं जे रेकॉर्डिंग केलं होतं ते सोडलं. पहिली थाप पडली आणि धप्प.

आणखी एक जोडी लावली. धप्प. डावा व्हॉल्व्ह उजवीकडे, उजवा डावीकडे केला. धप्प. कपॅसिटर बदलले. बदलताना एकात वीज शिल्लक होती, हात खांद्यापर्यंत झिणझिणला आणि मी स्टुलावरून खाली बसले. आई आतून म्हणाली, "ह्याचं नाव धप्प का?"

सगळ्यात जास्त चीड त्या काट्याची येते. आवाज चढला, की मीटरचा काटा ऐटीत खाली येतो, म्हणजे पेटीच्या मते आवाज दाबला. कान म्हणतो, काही दबलेलं नाही. काट्यावर विश्वास ठेवला तर मी बहिरी, आणि कानावर ठेवला तर काटा खोटारडा. अंधेरीला कामावर दिवसभर मी दुसऱ्यांना ओठ जुळत नाहीत म्हणून परत बोलायला लावते. इथे घरी माझंच जुळत नाहीये.

काका रोज संध्याकाळी रुचिकाला विचारतात, झाली का? डॉक्टरांनी त्यांना कमी बोलायला सांगितलंय. रेकॉर्डिंगच्या दिवशी बेताने गायला हरकत नाही म्हणाले, तोवर आवाज वाचवा. त्यामुळे ते आता कुजबुजतात. अख्ख्या चाळीत ज्यांचा आवाज जिन्याच्या आधी यायचा, ते जवळ जाऊन ऐकावे लागतात.

यंदा शिमग्याला गावी कोणी जाणार नाही. पालखी तेरा मार्चला नाचेल, काका हॉस्पिटलात असतील.

तुला जर काही आठवत असेल, वायरिंगमधलं किंवा बाबांनी सांगितलेलं, तर ते सांगणं तुझं काम आहे. मी पाया पडणार नाही.

अपूर्वा


कन्नमवार नगर
गुरुवार, २० फेब्रुवारी

दादा,

काल जे झालं ते आई तुला फोनवर सांगणारच, आणि तिखटमीठ लावून सांगणार. म्हणून मीच लिहिते.

मी काकांना बोलावलं. म्हटलं, पेटी झाली.

झाली नव्हती. पण माझं डोकं चालेना. रुचिका म्हणत होती, त्यांचा आवाज संध्याकाळी तुटायला लागलाय, अपूर्वाताई, काहीतरी कर. मी विचार केला, काकांना काय हवंय? पेटी दिसायला हवी. मग पेटी टेबलावर ठेवली, व्हॉल्व्ह पेटवले, खोलीतला दिवा बंद केला म्हणजे ती नारिंगी दिसेल. आणि माइकची वायर टेबलामागून गुपचूप कॉम्प्युटरला जोडली. दाबायचं काम तिथे झालं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं.

काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. डोक्याला टोपी. पेटीला नमस्कार केला. मी वर बघितलंच नाही, बटणं दाबत राहिले.

त्यांनी गणाची पहिली ओळ गायली. हळू, मग चढवत नेली. आवाज थोडा घोगरा होता, पण दादा, वरचा सूर अजून तसाच लागतो. ओळ संपली आणि ते थांबले. मला वाटलं, खोकला आला. ते पेटीकडे बघत होते.

"काटा का नाय हलला?"

म्हटलं, "काका, तो मीटर बिघडलाय. आवाज आलाय छान."

"आवाज आलाय. पण काटा का नाय हलला?"

रुचिका माझ्याकडे बघायला लागली. आई दारात उभी होती, ती आत निघून गेली. काका खाली वाकले, वायर हातात धरली आणि टेबलामागे कुठे जाते ते बघत गेले. मग कुजबुजले, आणि त्या कुजबुजण्याने जास्त लागलं:

"मना दिवा दाखवून फसवतंस गो? तुजा बापूस असा नव्हता."

टोपी काढून हातात घेतली आणि गेले. चहा तसाच.

रुचिका जिन्यात मला म्हणाली, "त्यांना पेटीच का पाहिजे, तुला माहितेय का? मी विचारलं एकदा. म्हणाले, त्या पेटीतून गाताना वर जायची भीती वाटत नाही. कोणीतरी मागून धरलंय असं वाटतं."

मी तिला म्हटलं, बरं.

तू असतास तर म्हणाला असतास, बघितलं का, इंग्लिशवाल्यांना सगळं तयार लागतं. म्हणून टाक मनातल्या मनात. मला ऐकू येणार नाही.

अपूर्वा


कन्नमवार नगर
सोमवार, २४ फेब्रुवारी

सुशांत,

हे शेवटचं. स्पीड पोस्टने पाठवते, म्हणजे मिळालं नाही असं म्हणायला नको.

रविवार अख्खा गेला. पेटी उलटी करून एकेक टाका तपासला. एकही कच्चा नाही. व्हॉल्व्ह जुळलेले, अर्थिंग ठीक, ट्रान्सफॉर्मर ठीक. सगळं बरोबर आणि तरी धप्प. कामावर चार वेळा घड्याळ बघितलं म्हणून डायरेक्टरने मला विचारलं, मॅडम, ट्रेन आहे का. ट्रेन नाही, ऑपरेशन आहे.

मी तुझं काय घोडं मारलं होतं ते तरी कळू दे. फोटोखाली नाव नव्हतं म्हणून? की मला बाबांच्या कंपनीच्या इंग्लिश शाळेत घातलं आणि तुला पालिकेच्या, म्हणून? तेव्हा मी माँटेसरीत होते, दादा. फॉर्म मी भरला नव्हता. कंपनीने त्याच वर्षी कामगारांच्या मुलांना जागा दिल्या आणि तू तेव्हा सहावीत होतास, हे आईने तुला हजारदा सांगितलंय. तू कॉलेजला गेलास, डिप्लोमा केलास, माझ्यापेक्षा चांगली नोकरी करतोस. तरी मी 'प्लस-मायनस' म्हटलं, की तुझ्या कपाळाला आठी. बाबा तुला हाताशी घेऊन बसायचे, मला नाही. मला ते 'अगं शॉक लागेल' म्हणून दाराबाहेर उभं करायचे. मी तक्रार केली का कधी?

आणि आता ऐक, मी काय काय केलंय ते. पुढे कोणी म्हणायला नको, की अपूर्वाने मन लावून केलं नाही. तू सोडलं होतंस तिथून मी सगळं तुझ्याच खुणांनी जोडलं. तुझ्या निळ्या मार्करने जिथे जे लिहिलंय तिथे ते. पुढच्या दोन व्हॉल्व्हच्या खाली तू 'डा' आणि 'उ' लिहिलंस, डावा आणि उजवा. आत येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं सुटी होती, ती त्याच दोघांची, एक डाव्याचं, एक उजव्याचं. आणि मागच्या पट्टीवर, जिथून दाबायचा करंट निघतो, तिथे दोन टोकं होती. एकावर तू 'उ' लिहिलंस, ते मी उजव्याला दिलं. दुसऱ्यावर काही लिहायचे कष्टसुद्धा घेतले नाहीस, ते उरलं म्हणून डाव्याला दिलं. अजून काय करायला हवं होतं?

काकांकडे मी गेले नाही. जायला तोंड नाही.

अपूर्वा


कन्नमवार नगर
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आज आलं. मधे महाशिवरात्रीची सुट्टी, म्हणून उशीर. पोस्टमनने दारात उभं राहून वाचलं होतं, कारण देताना म्हणाला, "ताई, काही सिरियस नाही ना?"

तू लिहिलेलं पूर्ण इथे उतरवते, म्हणजे तुलाही कळेल तू बहिणीला आठ महिन्यांनी काय लिहितोस ते:

"उ म्हणजे उणे. उजवा नाही. ट्रान्सफॉर्मरची दोन्ही टोकं एकत्र कर आणि उणेला जोड. बिननावाचं टोक अर्थला. उणे दोघांना सारखंच जातं. कमाल आहे. सु."

कमाल आहे! कमाल कोणाची? एकाच पेटीवर, वीतभर अंतरावर, एकच अक्षर दोन अर्थांनी! पुढे 'उ' म्हणजे उजवा आणि मागे 'उ' म्हणजे उणे! मी काय ज्योतिषी आहे? आयुष्यात मी उणे हा शब्द फक्त तुझ्या आणि बाबांच्या तोंडून ऐकलाय. वहीत माझ्या नेहमी मायनस. मी दहा जन्म त्या पट्टीकडे बघत बसले असते तरी मला 'उणे' सुचलं नसतं.

आणि तुला दहा जन्म सुचलं नसतं, की कोणी त्याला उजवा म्हणेल. हे मला कार्ड तिसऱ्यांदा वाचताना कळलं. तेव्हा थोडं हसू आलं. थोडंच.

आता कळतं काय होत होतं. दोन्ही व्हॉल्व्हना एकाच वेळी सारखं दाबायचं. माझ्याकडे आवाज चढला, की उजवा दबायचा आणि डावा उलट चढायचा. एक खाली, एक वर, बेरीज तेवढीच. आवाज कमी कुठून होणार? आणि दोघांच्या त्या ओढाताणीचा धक्का बाहेर येऊन धप्प. करंट निघत होता म्हणून काटा हलत होता. काटा बिचारा खरं बोलत होता. मी व्हॉल्व्हच्या जोड्या जुळवत बसले, जोड्या पहिल्यापासून बऱ्या होत्या.

सोल्डरिंगला पाच मिनिटं लागली. आयर्नचं टोक झिजलंय म्हणून, नाहीतर दोन.

मृदुंग लावला. आई आत भाकऱ्या करत होती. ती थाप मोठी झाली, की दर वेळी आतून ओरडते, "हळू कर गं बाई, कान गेले." मी आवाज होता तेवढाच ठेवला आणि थांबले. पहिली थाप गेली. दुसरी गेली. सगळे मृदुंगवाले एकदम तुटून पडतात तो भाग आला आणि गेला. प्रत्येक थाप ऐकू येत होती, अंगावर एकही आली नाही. आतून काही आवाज नाही. मग आईच पीठ लागलेल्या हातांनी दारात आली आणि म्हणाली, "काय झालं? बंद पडली?"

म्हटलं, "नाही, झाली."

ती स्टुलावर बसली. मृदुंग संपेपर्यंत उठली नाही. तव्यावरची भाकरी करपली आणि मला काही बोलली नाही, यावरून काय ते समज.

तू पहिल्या पत्राला उत्तर दिलं असतंस तर काकांसमोर माझी जी शोभा झाली ती झाली नसती. यावर तू म्हणशील, तू विचारलं कुठे होतंस? तीन पत्रं नुसती भांडलीस, काय कुठे जोडलंय ते चौथ्यात सांगितलंस. तू फोनवर आईला हे म्हणालास, ते तिने मला सांगितलं. म्हणजे ती पोस्टमन झालीच शेवटी.

उद्या सकाळी काकांकडे जाते. ते दार उघडतील का माहीत नाही.

अपूर्वा


कन्नमवार नगर
शनिवार, १ मार्च

दादा,

हे पत्र रुचिकाच्या हाती देते आहे. तिला आज दुपारी बोरिवलीला ऑफिसच्या कामाला यायचंय. पोस्टाने वेळेत पोचणार नाही. तिला दारात उभं करू नकोस, आत घे, पाणी दे.

काकांनी दार उघडलं. मी पेटी टॅक्सीत घालून घेऊन गेले होते. वजन तुला माहीत आहे. चाळीच्या दोन पोरांनी एका बाजूने धरली. काकांनी मला आत घेतलं. हाताने विचारलं, हे काय?

मी म्हटलं, "काका, वायर तुम्ही लावा."

माइकची वायर त्यांनी स्वतः पेटीला लावली, आणि पेटीतून निघालेली वायर बोटाने धरून रेकॉर्डरपर्यंत तपासत नेली. टेबलामागेसुद्धा वाकून बघितलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. रुचिकाने टीव्ही लावला, काकांनी हात केला, बंद.

मग ते माइकजवळ गेले. गाणं नाही, त्या सवालाची पहिली ओळ नुसती बोलले. हळू सुरू केली आणि शेवटचा शब्द एकदम उचलला. इतका, की शेजारचं कुत्रं भुंकलं. काटा खाली आला आणि सावकाश वर गेला. काकांनी परत तोच शब्द उचलला. काटा परत खाली. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम केलं, लहान मुलाने बटण दाबून बघावं तसं.

मी त्यांना हेडफोन दिला आणि ऐकवलं. ऐकताना डोळे मिटले होते. मग हेडफोन काढून कुजबुजले, "हां. ही कासीरामाची."

मला वाटलं, आता आशीर्वाद देतील. तर म्हणाले, "पोरगा कुटाय त्याचा?"

म्हटलं, बोरिवलीला.

"झील कोन धरनार मग?"

मी म्हटलं, रुचिका धरेल, तिला येतात सगळी पदं. मी नाही म्हटलं तरी हातात टाळ घेईन. काकांनी मान हलवली. म्हणाले, एका बाजूला रुचिका चालेल. दुसऱ्या बाजूला लहानपणापासून कासीरामाचा सुशांत उभा असायचा, अंधेरीला त्या रेकॉर्डिंगच्या वेळीसुद्धा तोच होता, पेटीच्या टेबलाएवढा. "शाहिरानं पुढं सूर लावायचा तो मागनं कोनीतरी उचलनार हाय म्हनून. मागं कोन नसंल तर मी एकटा काय बोंबलू?"

मी म्हटलं, काका, त्याचं माझं जमत नाही.

काका म्हणाले, "तुमचं नका जमवू. माज्या मागं उभं रावा."

तर असं आहे. मी यात काही घालत नाही आणि काढत नाही. उद्या रविवार. डॉक्टरांनी सोमवारपासून काकांना पूर्ण गप्प राहायला सांगितलंय, बुधवारी ते दाखल होतील. म्हणजे उद्याचाच दिवस आहे. काका दहाला इथे आपल्या घरी येतील. गण, दोन गौळणी आणि तो सवाल. एकदम सलग गाणार, परत परत नाही, असं रुचिकाने त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. मृदुंगाला त्यांचा जुना माणूस मानखुर्दहून येतोय.

तू आलास तर पेटीकडे बघ, कुठे काय चुकलंय ते सांगू नकोस. नंतर सांग. आणि तुझं सोल्डरिंग आयर्न आण, माझं टोक झिजलंय. फोटो काढला तर दोन्ही नावं घालीन. आधी तुझं घालणार नाही, वर्णमालेने घालीन, आणि तिथे 'अ' पहिला येतो. त्याला माझा इलाज नाही.

पेटी मी नऊलाच चालू करून ठेवीन, म्हणजे नीट तापेल. दार उघडं असेल. काका मधे, रुचिका त्यांच्या डाव्या हाताला. दुसऱ्या बाजूला जमिनीवर मी चिकटपट्टी लावून त्यावर निळ्या मार्करने 'उ' लिहिलंय. तिथे उभा राहा.

हा उजवा आहे.

अपूर्वा